त्याला कारण सांगा

मैत्रिणींनो, डोंबिवलीहून ठाण्याला येताना लेडीज डब्यात डोक्यावर पंखा असूनही एकदम घाम फुटतो का? साधारण 45 ते 55 या वयात इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होतं, मेंदूचं तापमानावरचं नियंत्रण डळमळतं आणि अंग तापतं. झोप मोडते, चिडचिड वाढते. सलग 12 महिने पाळी आली नाही, की रजोनिवृत्ती झाली असं समजतात. योनीमार्ग कोरडा पडल्याने शरीरसंबंधाच्या वेळी दुखतं. आपण टाळतो, नवऱ्याला वाटतं, हिला मी नकोसा झालो. अबोला धरू नका, त्याला खरं कारण सांगा. यावर उपचार आहेत, डॉक्टरांना मोकळेपणी विचारा. पाळी वर्षभर थांबल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर मात्र लगेच तपासून घ्या.