खेळण्यातल्या पिस्तुलाला नियम, खऱ्याला सूट!

अमेरिकेत खेळण्यातलं पिस्तूल विकायचं तर नळीच्या टोकाला नारिंगी रंग हवा, नाहीतर ते खेळणं आहे हे लांबून कळेल अशी दुसरी खूण हवी. १९८८चा तसा कायदाच आहे. आणि खरं पिस्तूल? पाळणे, टोस्टर, सायकली तपासणारा तिथला ग्राहक सुरक्षा आयोग सदोष बंदूक परत मागवायचा हुकूम कंपनीला देऊच शकत नाही. १९७२ साली आयोगाचा कायदा झाला, तेव्हाच बंदुका त्यातून वगळल्या गेल्या.

नागरिकांकडे बंदुका किती? ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’चा २०१८चा अंदाज सांगतो, सुमारे ३९ कोटी. माणसं कमी, बंदुका जास्त! पण कोणती कोणाकडे, याची देशभराची नोंदवही ठेवायला १९८६च्या कायद्याने मनाई आहे. गुन्ह्यातल्या बंदुकीचा माग काढतात वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गला. बंद पडलेल्या दुकानांचे कागद तिथे खोकी भरभरून येतात. ते स्कॅन होतात, पण खरेदीदाराचं नाव टाकून शोधायची सोय नाही. कर्मचारी पानामागून पान नजरेखाली घालत बसतात.

आता ज्या नॅशनल रायफल असोसिएशनचा निर्बंधांना कडाडून विरोध असतो, ती १८७१ साली निघाली सैनिकांचा नेम सुधारावा म्हणून! १९६७मध्ये कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथर्सचे कृष्णवर्णीय तरुण बंदुका घेऊन गस्त घालू लागले. तेव्हा भरलेली बंदूक उघड मिरवण्यावर बंदी आली. तिला याच रायफल असोसिएशनचा पाठिंबा होता आणि कायद्यावर सही होती गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांची.

सगळ्यात बोलका किस्सा स्मिथ अँड वेसनचा. २००० साली या कंपनीने क्लिंटन सरकारशी करार केला: बंदुकीला कुलूप देऊ, विक्रीवर लक्ष ठेवू. गिऱ्हाइकांनी बहिष्कार घातला. ब्रिटिश मालकाने १९८७ला सुमारे ११ कोटी डॉलरना घेतलेली कंपनी २००१मध्ये दीड कोटी डॉलर रोख आणि वर कर्जाचा बोजा, एवढ्यावर विकली. बाकीच्या कंपन्यांनी यातून काय धडा घेतला असेल, सांगायला नको.

२००५पासून तर कायद्याचंच कवच आहे. कोणी बंदुकीचा गैरवापर केला, तर तिच्या उत्पादकावर सहसा दावा लावता येत नाही. सँडी हुक शाळेत २०१२ला २० मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली. नऊ कुटुंबांनी वाट शोधली ती त्या हल्ल्यातली बंदूक बनवणाऱ्या रेमिंग्टनच्या जाहिरातबाजीवर बोट ठेवून. २०२२मध्ये कंपनीच्या विमा कंपन्यांनी ७.३ कोटी डॉलर मोजले. बंदूक कंपन्यांवरचा मेक्सिकोचा दावा मात्र २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने फेटाळला.

एक चांगली गोष्टही आहे. बंदुका-काडतुसांवरचा १० ते ११ टक्के कर १९३७च्या कायद्यामुळे वन्यजीव रक्षणासाठी वापरला जातो. जंगलासाठी एवढी छान तरतूद करणाऱ्या देशाने मुलांसाठीही करावी! २०२०पासून तिथल्या १ ते १९ वयाच्या मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बंदूक आहे.

म्हणून न्यू जर्सी, टेक्सास, कुठेही राहणाऱ्या मराठी आई-बाबांनो, मुलाला मित्राकडे खेळायला पाठवताना बेधडक विचारा: घरात बंदूक आहे का, आणि असली तर कुलपात आहे का? तिथले बालरोगतज्ज्ञही हेच सांगतात.