कानातली एकदाच होणारी पेरणी

गेटवरची सभा संपली की चारदोन मंडळी प्रश्न विचारायला मागे रेंगाळतात. प्रश्न पगाराचे, बोनसचे, फंडाचे असतात. त्यांची उत्तरे मला पाठ आहेत. काही वर्षांपूर्वी एका जिनिंग कारखान्यापुढे एक वयस्क गृहस्थ असेच थांबले. माझ्या ओठांकडे टक लावून म्हणाले, "भाऊ, हे कान पुन्हा येतीन का?" त्यांची वीसेक वर्षे जिनाच्या यंत्रांपाशी गेली होती. मला उत्तर देता आले नाही. मग नेहमीचा उद्योग केला. वाचनालय गाठले, आणि जे कळेना ते डॉक्टरमंडळींना विचारून घेतले. शाळा माझी लवकर सुटली. तेव्हा एखादा शब्द ओबडधोबड वाटला तर श्रोत्यांनी सांभाळून घ्यावे.

आपण ज्याला कान म्हणतो ते खरे म्हणजे नरसाळे. ऐकण्याचे काम चालते ते फार आत, कवटीच्या हाडात. तिथे गोगलगाईच्या शंखासारखी अडीच वेटोळ्यांची एक नळी असते, तिला कर्णावर्त म्हणतात. ती उलगडून सरळ केली तर सुमारे ३५ मिलिमीटर भरेल. तिच्यातल्या एका लांब पट्टीवर ऐकणाऱ्या पेशी ओळीने बसलेल्या असतात. १८५१ साली आल्फोन्सो कोर्ती या इटालियन शास्त्रज्ञाने या पट्टीचे वर्णन केले. पेशींच्या डोक्यावर केसांसारखे तुरे दिसतात म्हणून त्यांना केशपेशी म्हणायचे. आतली एक ओळ, तिच्यात साडेतीन हजारांच्या आसपास. बाहेरच्या तीन ओळी, त्यांत बारा हजारांच्या आसपास. आतल्या ओळीतल्या पेशी मेंदूला खबर देतात, बाहेरच्या ओळींतल्या स्वतः आखडून-लांबून बारीक आवाज मोठा करून देतात. डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश ओळखणाऱ्या पेशी बारा कोटींच्या घरात असतात. त्या मानाने एका कानाचे हे पंधरा-सोळा हजारांचे भांडवल किती तुटपुंजे, ते पाहा!

हे भांडवल जमते कधी? गर्भ चौथ्या आठवड्यात असतो तेव्हा, मेंदूच्या मागल्या भागाच्या दोन्ही अंगांना, वरच्या कातडीचाच एक ठिपका जाड होतो. तो आत दबतो, पळसाच्या पानाच्या द्रोणासारखा खोलगट होतो, मग द्रोणाचे तोंड मिटते आणि एक बंद पिशवी तयार होते. कातडीपासून कान निघतो हे वाचले तेव्हा मला प्रथम खरे वाटले नव्हते. त्या पिशवीच्या एका टोकाला नळी फुटते, लांबते आणि वेटोळे घेऊ लागते.

पुढचा तपशील मुख्यतः उंदराच्या गर्भावरून कळलेला आहे. नळीच्या आत पेशींचा एक पट्टा ठरतो. त्या पट्ट्यातून पुढे केशपेशी निघणार. आधी या पेशी दुभागायच्या थांबतात. हे थांबणे वेटोळ्याच्या शेंड्याकडून सुरू होऊन बुडाकडे जाते. केशपेशी होण्याचे काम मात्र बुडाजवळ सुरू होऊन शेंड्याकडे सरकते. म्हणजे हातातले काम आधी थांबते शेंड्याला, आणि नवे काम आधी मिळते बुडाला! कोणत्याही खात्यात अशी पाळी लावली असती तर आम्ही संप केला असता. निसर्गात ती सुरळीत चालते.

आता सर्वांत मौजेची गोष्ट. पट्ट्यातल्या पेशी आरंभी सारख्याच असतात. मग कोण केशपेशी होणार आणि कोण तिला आधार देणारी शेजारीण, हे ठरवतो कोण? पेशीत अटोह-१ नावाचा एक जनुक जागा झाला की ती केशपेशी होऊ लागते. हा जनुक काढून टाकलेल्या उंदरांच्या कानात एकही केशपेशी उगवत नाही, असे १९९९ साली दिसून आले. परंतु तो जागा झालेली पेशी लागलीच आपल्या अंगावर एक प्रथिन उभे करते. शेजारच्या पेशीच्या अंगावर नॉच नावाचे ग्राहक प्रथिन असते. त्याला ती खूण लागते, आणि शेजारणीचा तोच जनुक दबतो. ती आधारपेशी होते. ही अडवणूक प्रयोगात काढून टाकली तर केशपेशी दाटीने उगवतात आणि ओळी बिघडतात. कपाशीत दोन झाडांमध्ये अंतर राखतात, तसे हे अंतर पेशी आपापसांत राखतात.

मग तुरे फुटतात. बुटक्यापासून उंचापर्यंत, जिन्याच्या पायऱ्यांसारखे. आणि सगळ्या ओळींची तोंडे एकाच दिशेला. बुटक्याचा शेंडा शेजारच्या उंच तुऱ्याला अतिबारीक धाग्याने बांधलेला असतो. आवाजाने तुरा कलला की धागा ताणतो, एक बारीक दार उघडते, विद्युतभारित कण आत शिरतात. झाले, आवाजाची खबर निघाली. माणसाच्या गर्भात दहाव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास केशपेशी दिसू लागतात, आणि पंचविसाव्या आठवड्याच्या आगेमागे गर्भ आवाजाला दचकतो. अभिमन्यूने सुभद्रेच्या पोटात चक्रव्यूह समजून घेतला की नाही ते पुराणिकबुवांनी ठरवावे. पण सातव्या महिन्यात त्याला आईचा आवाज ऐकू आला असेल, यात शंका नाही. उंदराचे पिल्लू मात्र जन्मतः बहिरे असते, त्याला बारा दिवसांनी ऐकू येऊ लागते.

आणि इथेच पेरणी संपते. कोंबडीच्या कानातल्या केशपेशी मेल्या तर शेजारच्या आधारपेशी पुन्हा दुभागतात आणि काही आठवड्यांत नव्या केशपेशी उभ्या राहतात. हे १९८८ च्या सुमारास सिद्ध झाले. माशांना, बेडकांनाही ते साधते. नवजात उंदरात ही शक्ती थोडे दिवस असते, मग जाते. माणूस तर कानाच्या बाबतीत पिकूनच जन्माला येतो. निजलेला जनुक औषधाने जागा करण्याची खटपट चालू आहे, पण माणसावर हाती घ्यावे असे औषध अद्याप निघालेले नाही. तेव्हा त्या गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर "नाही" असेच होते.

कर्णावर्ताच्या बुडाला उंच स्वर लागतात, शेंड्याला खर्जातले. नळीतून लाट कशी धावते हे दाखवल्याबद्दल बेकेशी यांना १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हे गृहस्थ हंगेरीच्या टपालखात्याच्या टेलिफोन प्रयोगशाळेत नोकरीला होते, हे मला विशेष आवडते. गोंगाटाचा मार प्रथम बसतो तो बुडाकडच्या बाहेरच्या ओळींवर. म्हणून कामगार म्हणतो, "आवाज येतो, शब्द लागत नाही." स, श, च ही अक्षरे उंच स्वरांची, ती आधी गळतात. सुटीच्या दिवशी कानातली शीळ थांबते आणि बरे वाटते. परंतु उंदरांवरच्या २००९ च्या एका अभ्यासात असे दिसले की, मोजणीत ऐकणे पूर्ववत झाले तरी केशपेशीपासून निघणाऱ्या मज्जातंतूंचे कितीतरी जोड कायमचे तुटलेले असतात.

कायद्याला हे ठाऊक नाही असे नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या परिशिष्टात गोंगाटाचे बहिरेपण नोंदले गेले, आणि २०२० च्या संहितेतही ते आले. आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही मर्यादा धरली गेली. डेसिबलचा हिशेब मात्र फसवा: तीनच वाढले की आवाजाची शक्ती दुप्पट होते. त्या गृहस्थांचा भरपाईचा अर्ज अडला तो निराळ्याच कारणाने. मालक म्हणाला, कान वयाने गेले. आणि कामावर लागले त्या दिवशी त्यांचे कान कसे होते, याचा एक चिठोराही कुठे नव्हता.

त्यानंतर आमच्या मागणीपत्रकात दोन कलमे वाढली. कामावर घेताना आणि नंतर दरवर्षी कान मोजून त्याची नक्कल कामगाराच्या हाती द्यावी, हे पहिले. यंत्राखाली रबर, मध्ये आडभिंत आणि पाळ्यांची अदलाबदल, हे दुसरे. नुसती कानटोपणे वाटून भागत नाही; खानदेशातल्या वैशाखात ती घालून कोणी चार तास उभे राहून दाखवावे. पहिले कलम त्या कारखान्याने मान्य केले आहे. दुसऱ्यावर बोलणी चालू आहेत.