पूल किती वर्षे टिकेल?

एखादा पूल ‘मजबूत’ आहे म्हणजे नेमके काय? त्याचे सामर्थ्य त्यावर येणाऱ्या भाराहून जास्त आहे, इतकेच. पण या दोन्ही राशी अचूक ठाऊक असतात का? एकाच कारखान्यातील पोलादाच्या दहा पट्ट्या ताणून तोडा. प्रत्येक थोड्या वेगळ्या भाराला तुटेल. रहदारीविषयी तर बोलायलाच नको! म्हणून अभियंते सामर्थ्याचा एक आकडा न धरता पल्ला धरतात, भाराचाही तसाच. हे दोन पल्ले जेथे एकमेकांवर चढतात तेथे धोका. वर्षे जातात तसा गंजाने सामर्थ्याचा पल्ला खाली सरकतो आणि रहदारीने भाराचा वर.

अमेरिकेत ओहायो नदीवर १९२८ साली सिल्व्हर ब्रिज बांधला गेला. (रुपेरी रंगामुळे हे नाव.) तो तारांच्या दोरांऐवजी पोलादी पट्ट्यांच्या साखळ्यांनी टांगलेला होता, प्रत्येक दुव्यात फक्त दोन पट्ट्या. त्या काळची फोर्ड मोटार सुमारे ७०० किलोची. पुढच्या चाळीस वर्षांत मोटारींचे वजन दुपटीहून वाढले. १५ डिसेंबर १९६७ च्या संध्याकाळी, गर्दीच्या वेळी पूल कोसळला. ४६ माणसे मृत्युमुखी पडली. एका पट्टीच्या भोकाच्या आतल्या बाजूस ताण आणि गंज यांमुळे सुमारे अडीच मिलिमीटर खोल तडा गेला होता. सांधा उघडल्याविना तो दिसणे शक्यच नव्हते.

आता थोडे गणित करू. समजा, एक दुवा वर्षभर शाबूत राहण्याची संभाव्यता ०.९९९ आहे आणि साखळीत असे १०० स्वतंत्र दुवे आहेत. सगळे शाबूत राहण्याची संभाव्यता ०.९९९ चा शंभरावा घात, म्हणजे सुमारे ०.९०५. दहा वर्षांसाठी हजारावा घात घ्या: ०.३७! यात पट्ट्या जुन्या होतात हे धरलेलेच नाही. दुव्यातली दुसरी पट्टी मदतीला येत नाही का? सिल्व्हर ब्रिजवर पहिली तुटताच सांधा वाकडा झाला आणि दुसरी पिनेवरून निसटली. तारांच्या दोरात मात्र एक तार तुटली तर तिचा भार शेकडो तारा वाटून घेतात.

या अपघातानंतर अमेरिकेत १९७१ साली पुलांच्या तपासणीचे राष्ट्रीय नियम झाले. साधारणतः दर दोन वर्षांनी तपासणी ठरली. तपासणीने पुलाचे सामर्थ्य वाढत नाही, त्याविषयीची आपली अनिश्चितता घटते. पण जिथे पाहताच येत नाही तिथे काय करायचे? त्याच नदीवर, सेंट मेरीज येथे, सिल्व्हर ब्रिजसारखाच दुसरा पूल उभा होता. तो पडला नव्हता. तरी वाहतुकीस बंद करून १९७१ साली पाडून टाकण्यात आला.