विद्यापीठ आणि विश्वनागरिक
लेखांक सातवा : दुधाळ्याची वेधशाळा

उदार विद्यापीठीय शिक्षणाचा तात्त्विक ऊहापोह मागील लेखांकात झाला. आता त्या तत्त्वाची कसोटी जेथे प्रत्यक्ष लागावयाची आहे, त्या हिंगोली जिल्ह्याकडे वळू. औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा हे नाव कालपरवापर्यंत महसुली दफ्तरापलीकडे फारसे कोणास ठाऊक नव्हते. परंतु एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेच्या, सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या लायगो-इंडिया प्रकल्पास मंजुरी दिली, आणि जगभरचे खगोलशास्त्रज्ञ या गावाचे नाव घेऊ लागले.

काटकोनात पसरलेल्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात भुजांतून लेझरचा किरण धाडावयाचा, टोकाच्या आरशांवरून तो परतवावयाचा, आणि दूरच्या ताऱ्यांच्या टकरीतून उठलेल्या गुरुत्वीय लहरीने एक भुजा प्रोटॉनच्या व्यासाच्या सहस्रांशाहूनही कमी अंतराने लांबली व दुसरी आखडली, तर तेवढा फरक टिपावयाचा, असे या यंत्राचे कार्य. मात्र लहर नेमकी कोठून आली, हे एकट्या यंत्रास सांगता येत नाही. १७ ऑगस्ट २०१७ रोजी अमेरिकेतील दोन यंत्रांच्या आणि इटलीतील व्हर्गोच्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हाच दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाची जागा आकाशाच्या लहानशा पट्ट्यात सापडली आणि ठिकठिकाणच्या दुर्बिणी तिकडे वळल्या. आपली नोंद चोख ठेवावी, पण दुसऱ्याच्या नोंदीवाचून तिचा अर्थ पुरा लागत नाही हे जाणावे, ही वृत्ती म्हणजेच माझ्या मते विश्वनागरिकत्व होय.

परमुलखाशी नाते जोडणे या मातीस नवे नाही; नरसीच्या नामदेवांची ६१ पदे गुरुग्रंथसाहिबात आहेत. परंतु त्या पुण्याईवर किती काळ निभावावे? १० जुलै २०२४ रोजी जिल्ह्यास ४.५ तीव्रतेचा भूकंपाचा धक्का बसला. अशा भूमीवर इतके नाजूक यंत्र टिकेल काय, हा कोणाही सुजाण माणसाच्या मनात उठणारा प्रश्न. त्याच्या उत्तरास भूगर्भशास्त्र हवे, पदार्थविज्ञान हवे. आणि ज्यांच्या शिवारालगत हे काम उभे राहते त्यांच्या हिताहिताचा विचार करावयाचा तर अर्थशास्त्र व इतिहासही हवा. आमच्या महाविद्यालयांत मात्र कला शाखेचा विद्यार्थी दहावीनंतर विज्ञानास कायमचा रामराम ठोकतो, आणि विज्ञानाच्या पदवीधरास निजामी राजवटीतील आपल्याच तालुक्याची हकीकत ठाऊक नसते. ही कुंपणे काढल्याखेरीज हिंगोलीच्या वाट्यास त्या वेधशाळेतील पहारेकऱ्याचीच नोकरी येईल, हे स्पष्ट बोललेले बरे.

विद्यापीठांतील अध्यापकांना खगोलविज्ञानाचे दालन खुले व्हावे म्हणूनच १९८८ साली पुण्यास आयुका ही संस्था स्थापन झाली. जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक, आणि लायगो-इंडियातही तिचा प्रमुख सहभाग आहे. तेव्हा जिल्ह्यातील प्राचार्यांनी वरून हुकूम येण्याची वाट न पाहता कला, वाणिज्य व विज्ञान या तिन्ही शाखांसाठी दुधाळ्याच्या प्रकल्पावर एक सामाईक अभ्यासक्रम आखावा, आणि त्याचा मसुदा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे याच सत्रात रवाना करावा.