वस्तऱ्याचा दगड

वस्तरा बोथट होतो तो केवळ झिजून, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी दाढीच्या पात्यांवर प्रयोग करून २०२० साली ‘सायन्स’ नियतकालिकात जी हकीकत प्रसिद्ध केली, तीवरून असे दिसते की, केसाच्या सुमारे पन्नासपट कठीण असलेल्या पोलादाचाही तो मऊ केस सूक्ष्म टवका उडवू शकतो. आणि पोलादाच्या अंतर्रचनेतील विषमता, केस वाकण्याचा कोन व धारेच्या कडेवरील जागा हे सारे योग जेथे जुळून येतात, तेथेच हा टवका उडतो. धारेवरचे खोल ओरखडे अशा टवक्यांना वाव देत असावेत, म्हणून मला असे वाटते की, धार लावणाऱ्या दगडाची परीक्षा तो पोलाद किती झपाट्याने खातो यापेक्षा, मागे किती उथळ ओरखडे ठेवतो, यावर करणे अधिक न्याय्य आहे.

आपल्याकडील न्हाव्याच्या धोकटीत वस्तऱ्याशेजारी निसणा आणि चामड्याचा पट्टा असे. आज बाजारात मिळणाऱ्या कृत्रिम निसण्यांवर कणांच्या बारीकपणाचे आकडे छापलेले असतात. जपानी मानकानुसार १००० क्रमांकाचे कण १० ते १५ मायक्रॉनचे, तर ८००० क्रमांकाचे १ मायक्रॉनहून किंचित मोठे असतात. हा हिशेब सोयीचा खरा; पण बेल्जियममधील आर्देन प्रदेशाच्या डोंगरांत सापडणारा ‘कोटिक्यूल’ हा पिवळसर दगड त्याला सरळ छेद देतो. व्हिएलसाल्म आणि लिएर्ना या गावांच्या परिसरात, सुमारे ४८ कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत, याच्या चिंचोळ्या शिरा आढळतात. त्यातील मँगनीजयुक्त गार्नेटचे स्फटिक सुमारे ५ ते २० मायक्रॉनचे असतात. म्हणजे आकड्यांच्या न्यायाने तो पुष्कळसा जाडाभरडाच ठरावा. प्रत्यक्षात मात्र त्यावरून उतरलेली धार गालाला अत्यंत सौम्य लागते, कारण हे द्वादशफलक स्फटिक विशालकोनी असून अभ्रकवर्गीय मऊ खनिजात रुतलेले असतात आणि त्यांचा अल्पसा भागच पृष्ठभागावर डोकावतो. ओल्या दगडावर त्याच जातीचा दुसरा तुकडा घासून दुधासारखा राडा काढला की सुटे झालेले स्फटिक पोलाद भराभर खातात. तोच राडा पाण्याने हळूहळू पातळ करीत नेला की, दगड न बदलता काम बारीक होत जाते. एकाच पाषाणाच्या अंगी असलेली ही दुहेरी करामत मला विलक्षण आदरणीय वाटते.

तथापि दगड कोणताही असो, तो सपाट नसेल तर त्याची सारी थोरवी व्यर्थ आहे. वस्तऱ्याची पाठ आणि धार ही दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकवायची असतात, आणि सुमारे १६ ते १७ अंशांचा कोन त्या जाड पाठीमुळेच आपोआप राखला जातो. दगडाला खळगा पडला की तो कोन बिघडतो. म्हणून हिऱ्याच्या कणांची पट्टी घेऊन दगड वरचेवर सपाट करावा. दोन्ही बाजूंचे उतार धारेवर नीट मिळाले, याची खातरजमा करण्यास एक सोपी खूण आहे: वस्तरा पुढे सरकवताना दगडावरचे पाणी धारेपुढे लोटले न जाता सबंध लांबीभर पात्यावर चढून येऊ लागते.

ही खूण १००० क्रमांकाच्या दगडावर दिसल्याविना पुढच्या दगडास हात लावू नये, कारण तेथे राहिलेली खोट बारीक दगड भरून काढीत नाही. नवशिक्याने दुर्मिळ पाषाणांच्या मागे न लागता १०००, ४००० आणि ८००० क्रमांकांचे तीन कृत्रिम दगड आणि एक चांगला चामडी पट्टा घ्यावा. कोटिक्यूल घेण्यास हात बसल्यानंतरही भरपूर अवकाश आहे.