आपली आजी आणि कारल्याची भाजी

यूट्यूब चॅनल सुरू करू पाहणाऱ्या प्रत्येकाला मी 'आपली आजी' आधी बघायला सांगतो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे या आजी. नातू यशने पावभाजीचा व्हिडिओ दाखवला, तेव्हा याहून चांगली मी करते, असं त्यांचं म्हणणं पडलं, आणि तिथून चॅनलची कल्पना निघाली. लाखो लोकांपर्यंत त्यांना पोहोचवलं ते मात्र कारल्याच्या भाजीने! २०२० साली चॅनल हॅकही झालं होतं, ते परत मिळालं आणि काम पुढे चालू राहिलं.

मला त्यांची भाषा फार आवडते. घरातल्या सुनेला समजावून सांगावं तसं बोलणं, घरचाच मसाला, डोक्यावर पदर. सॉस, बेकिंग पावडर असे शब्द नातवाकडून शिकल्या, पण बोलणं गावचंच राहिलं. प्रेक्षक टिकतो तो यामुळे, असं माझं ठाम मत आहे. महागडा कॅमेरा नंतर घेता येतो.

आता सातत्याचं. जाहिरातीतून पैसे मिळायला यूट्यूबवर १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तासांचा वॉच टाइम लागतो (शॉर्ट्ससाठी निकष वेगळे). एखाद्या व्हायरल व्हिडिओवर हे सहसा जमत नाही. आठवड्याला एकच व्हिडिओ टाका, पण ठरल्या वारी टाका. कमेंटमध्ये लोक काय मागतात ते वाचा, पुढचा विषय तिथेच सापडतो.

आणि सबस्क्रायबर विकत घेऊ नका. नियमात बसत नाही, चॅनल बंद होऊ शकतं.