एनक्लेक्स-आरएन : परिचारिकांच्या परवाना परीक्षेची ओळख आणि तयारी

आपल्या धर्मग्रामांतील अनेक घरांत आज एक तरी परिचारिका आहे. कुणी मुंबईच्या रुग्णालयात आहे, कुणी तेथून आखाती देशांत गेली आहे, तर कुणाचे लक्ष आता अमेरिका, कॅनडा वा ऑस्ट्रेलियाकडे लागले आहे. या भगिनींच्या (आणि आता बंधूंच्याही) बोलण्यात 'एनक्लेक्स' हा शब्द वारंवार येतो. घरच्या मंडळींना मात्र त्याचा नीटसा बोध नसतो. मुलगी चार वर्षे शिकली, प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाली, वॉर्डात कित्येक वर्षे राबली, तरी पुन्हा परीक्षा कशाला, असे आईवडील विचारतात. आणि निकाल प्रतिकूल लागला की घरात दुखवटा असल्यासारखी शांतता पसरते. त्यामुळे या परीक्षेचे स्वरूप परीक्षार्थींइतकेच त्यांच्या कुटुंबीयांनीही समजून घ्यावे, असे आम्हाला वाटते.

आपल्याकडे मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण झाला की महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होते. अमेरिकेत पदवी आणि परवाना या दोन स्वतंत्र गोष्टी मानल्या जातात. पदवी महाविद्यालय देते. परवाना त्या त्या राज्याचे परिचर्या मंडळ देते आणि त्यासाठी एनक्लेक्स उत्तीर्ण व्हावे लागते. 'नॅशनल कौन्सिल ऑफ स्टेट बोर्ड्स ऑफ नर्सिंग' ही या मंडळांची एकत्रित संस्था ही परीक्षा तयार करते. कॅनडातील बहुतेक प्रांतांनी २०१५ साली हीच परीक्षा स्वीकारली. ऑस्ट्रेलियाने २०२० पासून परदेशात शिकलेल्या अनेक परिचारिकांना ती लागू केली असून तेथे तिच्या जोडीला प्रत्यक्ष कौशल्यांची परीक्षाही द्यावी लागते. ब्रिटन व आखाती देशांच्या परीक्षा निराळ्या आहेत. एनक्लेक्सचे केंद्र मुंबईतही आहे, त्यासाठी परदेशी जावे लागत नाही.

१९९४ पासून ही परीक्षा संगणकावर घेतली जाते आणि तिची रीत आपल्या विद्यापीठांच्या परीक्षांहून अगदी वेगळी आहे. उत्तर बरोबर आले की पुढचा प्रश्न थोडा कठीण येतो, चुकले की थोडा सोपा. उमेदवार उत्तीर्णतेच्या रेषेच्या वर आहे की खाली, हे संगणकाला पंच्याण्णव टक्के खात्रीने ठरवता आले की परीक्षा तेथेच थांबते. कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न, वेळ पाच तास. प्रश्न गाळता येत नाही आणि मागे जाऊन उत्तर बदलताही येत नाही. परिणामी हुशार उमेदवाराचीही जवळजवळ निम्मी उत्तरे चुकू शकतात, कारण तिच्यापुढे तिच्या कुवतीच्या काठावरचेच प्रश्न येत राहतात. शाळेपासून नव्वद टक्क्यांची सवय असलेली मुलगी 'मला काहीच आले नाही' असे म्हणत रडत बाहेर पडते आणि पुढे उत्तीर्ण झाल्याचे कळते. ८५ प्रश्नांवर परीक्षा बंद पडली म्हणजे पास, अशी एक समजूत आहे. तीही खरी नाही. तेवढ्या प्रश्नांत निर्णय दोन्ही बाजूंनी लागू शकतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. पुढील प्रसंग आम्ही नमुन्यादाखल रचला आहे. सकाळची पाळी सुरू झाली आहे. चार रुग्ण तुमच्याकडे आहेत. एकाची काल खुब्याची शस्त्रक्रिया झाली असून तो वेदनेने कण्हत आहे. दुसऱ्या मधुमेही रुग्णाची साखर नाश्त्यापूर्वी २१० आहे. तिसरा मांडीचे हाड मोडल्याने परवा दाखल झालेला तरुण. तो एकाएकी अस्वस्थ झाला आहे आणि त्याला धाप लागली आहे. चौथ्याला घरी सोडायचे आहे आणि त्याचे नातेवाईक उशीर झाल्याने संतापले आहेत. प्रथम कोणाकडे जाल?

आपल्या वॉर्डांत बहुधा ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे आधी जावे लागते. परीक्षेत मात्र तिसरा रुग्ण पहिला. शस्त्रक्रियेनंतरची वेदना अपेक्षित असते. २१० साखरेची दखल घ्यावी लागते, पण ती काही मिनिटे थांबू शकते. मोडलेल्या हाडातील चरबी वा रक्ताची गुठळी फुप्फुसात गेल्यास काही मिनिटांतच प्राणावर बेतते. मग पुढचा प्रश्न येतो : त्याच्याजवळ गेल्यावर प्रथम काय कराल? येथे आपल्या मुली अडखळतात. 'डॉक्टरांना कळवीन' हे उत्तर त्यांच्या हाती आधी येते, कारण वरिष्ठांच्या आदेशाची वाट पाहणे हीच शिस्त आपण त्यांना शिकवली आहे. परीक्षेला हवी असते ती रुग्णापासून न हलता त्याला उशाकडून उंच बसवणारी, प्राणवायू लावणारी आणि मग डॉक्टरांना बोलावून घेणारी परिचारिका. ज्ञान दोघींना सारखेच असते; स्वतःच्या अधिकारात निर्णय घेण्याची सवय एकीला असते, दुसरीला नसते.

१ एप्रिल २०२३ पासून परीक्षेच्या नव्या रूपात यावरच अधिक भर दिला गेला. त्यात एकेका रुग्णाची सविस्तर हकीगत देऊन सहा प्रश्न विचारले जातात : कोणती लक्षणे महत्त्वाची, त्यांचा अर्थ काय, कोणती शक्यता अधिक घातक, उपाय कोणते, प्रथम कृती कोणती आणि तिचा परिणाम झाला का. शुभवर्तमानातील दयाळू शोमरोनी आठवावा. त्याने पाहिले, जवळ गेला, जखमा बांधल्या, जनावरावर बसवून उतारशाळेत नेले आणि परत येऊन विचारपूस करण्याचेही सांगून ठेवले. क्रम साधारण तोच आहे!

म्हणून जाडजूड पुस्तक पाठ करण्यापेक्षा रोज थोडेच सराव प्रश्न सोडवावेत आणि प्रत्येकाचे स्पष्टीकरण वाचावे. बरोबर आलेल्या उत्तराचेही वाचावे, कारण ते अंदाजाने आलेले असू शकते. 'लागू असणारे सर्व पर्याय निवडा' या प्रकारात चुकीचा पर्याय निवडल्यास गुण वजा होतात. तेव्हा सगळ्याच चौकटींवर खुणा करून भागत नाही. औषधांची नावेही निराळी : आपले पॅरासिटामॉल तेथे ॲसिटॅमिनोफेन, सालब्युटामॉल तेथे अल्ब्युटेरॉल, ॲड्रिनॅलिन तेथे एपिनेफ्रिन. साहाय्यकाकडे कोणते काम सोपवता येते, हाही परीक्षेचा आवडता विषय आहे. अंग पुसणे सोपवता येते. रुग्णाची अवस्था तपासून निष्कर्ष काढणे व त्याला शिकवणे सोपवता येत नाही.

कागदपत्रांविषयी थोडे. भारतातील केंद्रावर वैध पासपोर्ट दाखवावा लागतो आणि नोंदणीतील नाव त्याच्याशी तंतोतंत जुळावे लागते. आपल्यात बाप्तिस्म्याच्या नोंदीत एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, विवाहानंतर तिसरे. शिवाय इंग्रजीत डिसोजा एका कागदावर चिन्हासह, दुसऱ्यावर चिन्हाविना. ही दुरुस्ती वर्षभर आधी करून घ्यावी. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात धर्मग्राम कार्यालयात धावत येणाऱ्यांना फारशी मदत करता येत नाही. जीएनएम झालेल्यांनी ज्या राज्यात अर्ज करायचा त्या राज्याच्या अटी प्रथम पाहाव्यात.

'हमखास येणारे प्रश्न' विकणाऱ्यांपासून दूर राहावे. प्रत्येक परीक्षार्थीला प्रश्न उघड न करण्याचे वचन द्यावे लागते, त्यामुळे तशी सामग्री एकतर बनावट असते किंवा वचनभंगातून आलेली. जानेवारी २०२३ मध्ये फ्लोरिडात परिचर्येच्या ७,६०० हून अधिक बनावट पदविका विकल्या गेल्याचे उघडकीस आले. त्या विकत घेणाऱ्यांपैकी सुमारे २,४०० जण ही परीक्षा उत्तीर्णही झाले होते. पुढे अनेकांचे परवाने गेले. रुग्णाच्या खाटेशी न शिकलेला हात येऊन उभा राहतो तेव्हा पाप कागदापुरते राहत नाही.

दागिने गहाण ठेवून दलालाला पैसे देणाऱ्या पालकांनी हेही ध्यानात घ्यावे की परीक्षा उत्तीर्ण होणे म्हणजे व्हिसा मिळणे नव्हे. इंग्रजीची परीक्षा व प्रमाणपत्रांची पडताळणी वेगळी असते आणि अमेरिकेच्या स्थलांतर व्हिसासाठी भारतीयांची रांग कित्येक वर्षांची आहे. निकाल अनुकूल न लागल्यास ४५ दिवसांनी पुन्हा परीक्षा देता येते. काही राज्यांनी प्रयत्नांच्या संख्येवर मर्यादा घातली आहे, ती पाहून घ्यावी. अनुत्तीर्ण उमेदवाराला एक अहवाल मिळतो. कोणत्या विभागात ती रेषेच्या वर, जवळ किंवा खाली होती, हे त्यात नमूद असते. घरच्यांनी चार दिवस तिला काही विचारू नये. पाचव्या दिवशी तो अहवाल तिच्याबरोबर वाचायला बसावे.